तुरुंगातला आचारी आणि पन्नाशीची पेन्शन

अमेरिकेतल्या संघीय तुरुंगाच्या मुदपाकखान्यात सुऱ्या कुलपात ठेवलेल्या असतात. कपाटाच्या आतल्या फळीवर प्रत्येक सुरीची आकृती रंगवलेली असते. एखादी जागा रिकामी दिसली की कोणती सुरी बाहेर गेली ते एका नजरेत कळतं. वापरायला काढलेली सुरी बऱ्याच ठिकाणी पोलादी तारेनं टेबलाला जखडलेली असते. स्वयंपाक करतात कैदी, आणि त्यांच्याकडून तो करून घेणारा एक सरकारी कर्मचारी असतो. भाजी किती चिरायची हे तो सांगतो, सुरी हातात देतो आणि काम झालं की मोजून परत घेतो. त्याच्या कमरेला बंदूक नसते. आत कोणाच्याच नसते, कारण आत गेलेली बंदूक हिसकावली जाऊ शकते. दुपारी चार वाजता देशभरच्या संघीय तुरुंगांत गिनती होते, कैदी उभे राहतात, आकडे जुळेपर्यंत सगळं थांबतं. त्या गिनतीतही हा आचारी इतरांसारखाच जबाबदार असतो.

हा माणूस वीस वर्षं नोकरी झाली की वयाच्या पन्नासाव्या वर्षी पूर्ण पेन्शन घेऊन घरी जाऊ शकतो. पंचवीस वर्षं झाली असतील तर कोणत्याही वयात. त्याच सरकारच्या एखाद्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात तितकीच वर्षं स्वयंपाक सांभाळणाऱ्याला मात्र साधारण साठीपर्यंत थांबावं लागतं आणि त्याची पेन्शनही कमी दरानं मोजली जाते. दोघंही सरकारी नोकर, दोघंही भातभाजीच शिजवून घेतात. तरी कायद्यानं त्यांच्यात एवढा फरक का केला, हे समजलं की 'धोक्याची नोकरी' म्हणजे काय, या प्रश्नाचा निम्मा उलगडा होतो. उरलेल्या निम्म्यावर अमेरिकेत आजही भांडणं चालू आहेत.

सुरुवात झाली ती तुरुंगापासून दूर. १९४७ साली अमेरिकी काँग्रेसनं एफबीआयच्या एजंटांना पन्नाशीत, वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होण्याची मुभा दिली. हेतू साधा होता. गुन्हेगारामागे धावायचं काम तरुण आणि दमदार माणसांनी करावं, आणि दम कमी झाल्यावर त्यांना सन्मानानं बाहेर पडता यावं. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, गुन्ह्याचा तपास, अटक आणि कैद ही कामं करणाऱ्या इतर संघीय कर्मचाऱ्यांना ती सवलत मिळाली. मग १९५६ साली या व्याख्येत तुरुंगाच्या नोकरवर्गाचा स्वतंत्र उल्लेख आला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत विचारी पाऊल हेच.

कारण काँग्रेसला 'तुरुंगाचा गार्ड' एवढंच लिहून थांबता आलं असतं, ते तिनं केलं नाही. ज्याच्या कामात कैद्यांशी वारंवार आणि थेट संबंध येतो असा कर्मचारी, असं तिनं लिहिलं आणि तो संबंध कशासाठी येतो त्याची यादी दिली: कैद, मार्गदर्शन, देखरेख, तपासणी, प्रशिक्षण, कामाला लावणं, काळजी, ने-आण आणि पुनर्वसन. या यादीत गार्ड आहेच. पण प्रशिक्षणात तुरुंगातला शिक्षक येतो, कामाला लावण्यात सुतारकामाचा आणि प्लंबिंगचा फोरमन येतो, काळजीत नर्स येते, पुनर्वसनात समुपदेशक येतो. आमचा आचारीही इथेच बसतो. गणवेश पाहून पात्रता ठरत नाही, समोर कोण उभा आहे ते पाहून ठरते.

संघीय तुरुंग खातं स्थापन झालं १९३० साली, आणि या खात्यात एक दंडक फार वर्षांपासून आहे: आधी तुम्ही तुरुंग कर्मचारी, मग तुमचं जे काही काम असेल ते. नर्स असो, ग्रंथपाल असो, भरती झाल्यावर प्रत्येकाला झडती घेण्याचं, बेड्या घालण्याचं आणि बंदुकीचं प्रशिक्षण मिळतं. बॅरेकमध्ये मारामारीची घंटा झाली तर जवळ असेल तो धावतो. आज गार्डांची टंचाई असल्यानं शिक्षक, नर्स, कारकून यांना त्यांचं काम थांबवून पहाऱ्यावर उभं करण्याची पद्धत सर्रास झाली आहे. तिच्यावर टीका होते, आणि ती योग्यच आहे, कारण शिक्षक पहाऱ्यावर गेला की वर्ग बंद पडतो. पण कायद्यानं १९५६ साली शिक्षकाला आणि गार्डाला एकाच रांगेत का बसवलं, हे त्या दिवशी कोणालाही दिसू शकतं.

पैशाचं गणित १९७४ साली बदललं. तेव्हा पेन्शनचा दर वाढवला गेला आणि त्याच्या मोबदल्यात ठरावीक वयाला सक्तीची निवृत्ती आली. आधी ते वय ५५ होतं, १९९० च्या कायद्यानं ५७ झालं. मग १९८७ पासून अमेरिकी सरकारनं नव्या नोकरांसाठी दुसरी पेन्शन योजना लागू केली. आज नोकरीत असलेले जवळपास सगळे तिच्यातच आहेत.

ती योजना एका कल्पित उदाहरणानं पाहू. एक बाई २७ व्या वर्षी संघीय तुरुंगात लागली आणि पन्नासाव्या वर्षी, म्हणजे २३ वर्षांनी बाहेर पडली. तिच्या सर्वाधिक पगाराच्या सलग तीन वर्षांची सरासरी ८०,००० डॉलर धरू. पहिल्या वीस वर्षांना दरवर्षी १.७ टक्के, म्हणजे ३४ टक्के. पुढच्या तीन वर्षांना प्रत्येकी एक टक्का. एकूण ३७ टक्के, वर्षाला २९,६०० डॉलर, आणि ते लगेच सुरू. याशिवाय वयाच्या ६२ पर्यंत एक पूरक रक्कम मिळते, कारण अमेरिकेची सामाजिक सुरक्षा पेन्शन ६२ च्या आधी कोणालाच सुरू होत नाही. महागाईनुसार होणारी वाढही तिला लगेच लागू होते. साध्या कर्मचाऱ्याला त्यासाठी ६२ पर्यंत थांबावं लागतं. तोच पगार आणि तीच २३ वर्षं साध्या खात्यात घालवलेल्या बाईला २३ टक्के मिळतात, म्हणजे १८,४०० डॉलर, आणि पन्नाशीत नोकरी सोडली तर कपात न होता ते हाती यायला साठ उजाडतं.

याची किंमत कर्मचारीही मोजतो. त्याच्या पगारातून साध्या कर्मचाऱ्यापेक्षा अर्धा टक्का जास्त कापला जातो. १९८७ च्या योजनेत सुरुवातीला साध्याला ०.८ तर धोक्याच्या जागेवरच्याला १.३ टक्के भरावे लागत. २०१४ पासून लागलेल्यांना हेच आकडे ४.४ आणि ४.९ आहेत. पगाराच्या चिठ्ठीवरचा हा अर्धा टक्का फार महत्त्वाचा कागदी पुरावा ठरतो, त्याकडे आपण परत येऊ.

आता वयाची दोन दारं. आत येण्याचं दार सदतिसाव्या वाढदिवसाला बंद होतं, त्यानंतर या जागांवर सहसा भरती होत नाही. बाहेर जाण्याचं दार ५७ ला उघडून माणसाला बाहेर काढतं, वीस वर्षं पूर्ण असतील तर थांबता येत नाही. ५७ मधून २० वजा केले की ३७ उरतात, तेव्हा या दोन अटी एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ अशा जागा भरताना खातं सूट देतं, कारण या पेशांतली माणसं शिक्षण संपवून बाजारात येतात तीच तिशी ओलांडून. सैन्यातून आलेल्यांनाही भरतीच्या वयात सवलत मिळू शकते. बाकी कोणी चाळिशीत येऊन म्हणालं की मी दंड-बैठका काढतो, मला घ्या, तर कायदा ऐकत नाही.

हे कठोर वाटतं, पण या पेन्शनचा गाभाच तो आहे. धोक्याबद्दल सरकारनं दिलेलं बक्षीस म्हणून तिच्याकडे पाहिलं की अर्धे नियम अन्यायाचे वाटतात. मनुष्यबळ तरुण ठेवण्याची योजना म्हणून पाहिलं की तेच नियम सुसंगत दिसू लागतात. न्यायालयंही तसंच पाहतात. २००१ साली संघीय अपील न्यायालयासमोर नौदलाच्या काही पोलिसांचा वॉटसन खटला आला. आम्ही गस्त घालतो, अटक करतो, हत्यार बाळगतो, मग आम्हाला ही पेन्शन का नाही, असा त्यांचा सवाल होता. न्यायालयानं विचारलं: ही जागा मुळात कशासाठी निर्माण झाली? तिच्यावर भरतीला वयाची कडक मर्यादा आहे का? सक्तीची निवृत्ती लागते इतकं ते काम शरीराला जड आहे का? उत्तरं पोलिसांच्या बाजूनं आली नाहीत आणि ते हरले. संघीय पोलिसांतल्या अशा वगळलेल्या गटांना सामावून घेणारी विधेयकं काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडली गेली. ती अजून मंजूर झालेली नाहीत.

तुरुंगाच्या आवारातल्या जवळपास सगळ्या जागांना ही पेन्शन खात्यानं आधीच मान्य केलेली आहे, म्हणून तिथे लागलेल्या माणसाला सहसा भांडावं लागत नाही. भांडण सुरू होतं ते तुरुंग सोडून कार्यालयात गेल्यावर, किंवा तुरुंगाच्या कडेला असलेल्या एखाद्या जागेवर. नियमांची भाषा इथे बारकाईनं वाचावी लागते आणि तीच वाचायला लोक आळस करतात.

'वारंवार थेट संबंध' याची व्याख्या नियमांत दिली आहे: कैदेसंबंधीचं काम करताना कैद्याशी येणारा व्यक्तिगत, प्रत्यक्ष आणि नेमून दिलेला संबंध, जो कामाच्या नेहमीच्या चक्रात पुन्हा पुन्हा आणि सतत येतो. प्रासंगिक संबंध चालत नाही, आणीबाणीत आलेला चालत नाही. आठवड्यातून एकदा बॅरेकमधून फेरी मारणारा हिशेबनीस यात बसत नाही. काम 'प्राथमिक' ठरायला ते जागेच्या अस्तित्वाचं मुख्य कारण असावं लागतं, आणि कामाच्या वेळेपैकी निम्मा किंवा अधिक वेळ त्यात जात असेल तर ते तसं मानलं जातं.

मग येतात दुय्यम जागा. पंधरा वर्षं बॅरेक सांभाळलेल्या माणसाला बढती देऊन प्रादेशिक कार्यालयात किंवा वॉशिंग्टनला नेलं, तर तिथे कैदी नसतात. त्याची धोक्याची पेन्शन तोडली तर अनुभवी माणूस कधीच बढती घेणार नाही. म्हणून देखरेखीच्या आणि प्रशासनाच्या अशा जागा दुय्यम म्हणून मान्य केल्या जातात आणि तिथली सेवाही मोजली जाते. पण तीन अटींवर. आधी प्राथमिक जागेवर किमान तीन वर्षं झालेली हवीत. तिथून थेट दुय्यम जागेवर यायला हवं. आणि मध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये.

तीन दिवस म्हणजे किती थोडे, याचा विचार करा. समजा तुरुंगातल्या एका शिक्षकानं शुक्रवारी राजीनामा दिला, घर हलवलं आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात रुजू झाला. त्याची नोकरी तुटलेली नाही असं त्याला वाटतं. पगार जवळपास तोच, खातं तेच, ओळखपत्रावरचं चिन्ह तेच. पण खंड एक आठवड्याचा आहे. त्या कार्यालयातली पुढची दहा वर्षं धोक्याच्या सेवेत मोजली जाणार नाहीत, आणि हे त्याला कळेल बहुधा निवृत्तीचा अर्ज करताना. राजीनामा न देता बदलीचा अर्ज केला असता तर एक दिवसाचाही खंड पडला नसता.

आणखी एक अट याहून निर्दय आहे. एखाद्याला वाटलं की आपली जागा धोक्याची आहे पण खात्यानं तशी नोंद केलेली नाही, तर त्या जागेवर आल्यापासून, किंवा जागेच्या कामात मोठा बदल झाल्यापासून, सहा महिन्यांत त्यानं लेखी अर्ज करून खात्याकडून निर्णय मागायचा असतो. नाही मागितला तर खात्याचं म्हणणं बरोबर होतं असं गृहीत धरलं जातं. इथे पगाराच्या चिठ्ठीवरचा तो अर्धा टक्का बोलतो. तो कापला जात नव्हता आणि तुम्ही गप्प होता, याचा अर्थ तुम्हालाही ते मान्य होतं, असा तर्क लावला जातो. खात्याचा निर्णय पटला नाही तर गुणवत्ता संरक्षण मंडळाकडे अपील करता येतं, त्यानंतर संघीय अपील न्यायालय. पण सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावर, आणि न्यायालयं ही तरतूद मुद्दाम अरुंद अर्थानं वाचतात, कारण ही पेन्शन सरकारी तिजोरीला साध्या पेन्शनपेक्षा महाग पडते.

मला हा सहा महिन्यांचा नियम चुकीचा वाटतो. नोकरीला लागलेल्या तीस वर्षांच्या माणसानं निवृत्तीच्या नियमावलीतलं कलम वाचून अर्ज करावा ही अपेक्षा कागदावर ठीक दिसते. पण जागा कोणत्या वर्गात बसते हे ठरवायचं ज्ञान आणि अधिकार दोन्ही खात्याकडे आहेत. नेमणुकीच्या पत्रावरच ते छापून देणं खात्याला अवघड नाही. चूक खात्याची आणि मुदत कर्मचाऱ्याला, ही वाटणी कुठल्याच न्यायात बसत नाही.

हे झालं संघीय सरकारचं. अमेरिकेतले बहुतेक कैदी राज्यांच्या तुरुंगांत आणि काउंटीच्या कोठड्यांत आहेत, आणि प्रत्येक राज्याचा पेन्शन कायदा वेगळा. केंटकीत सरकारी नोकऱ्यांचे दोन सरळ भाग केलेले आहेत, धोक्याच्या आणि बिनधोक्याच्या. तिथला कायदा पोलिसी कामाच्या जागांसाठी धोक्याशी वारंवार गाठ आणि उत्तम शारीरिक क्षमता अशा दोन्ही गोष्टी मागतो, पण राज्य तुरुंगांतल्या जागांसाठी वेगळी कसोटी लावतो: कैद्यांशी नियमितपणे समोरासमोर येणारा संबंध. १९५६ च्या संघीय कल्पनेचंच हे राज्याच्या पातळीवरचं रूप आहे. सप्टेंबर २००८ पूर्वी लागलेल्यांना वीस वर्षांनी निवृत्त होता येत असे, नंतरच्यांना पंचवीस लागतात. २०१४ पासून लागलेल्यांना तर ठरावीक टक्क्यांची पेन्शन नाहीच, खात्यावर साठत जाणारी रक्कम आहे. एकाच बॅरेकमध्ये एकाच पाळीत तीन गार्ड उभे असतील आणि तिघांचं म्हातारपण तीन वेगळ्या कायद्यांनी लिहिलेलं असेल.

व्हर्जिनियानं १९९९ साली तुरुंग अधिकारी आणि तत्सम नोकरांसाठी वेगळी निवृत्ती योजना काढली: पन्नाशी आणि पंचवीस वर्षं, किंवा साठी आणि पाच वर्षं. न्यूयॉर्क राज्यात पंचवीस वर्षं पुरी झाली की वय पाहत नाहीत. फ्लोरिडाची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. तिथे विशेष जोखमीच्या वर्गात वर्षाला तीन टक्के मिळतात आणि पूर्वी ५५ व्या वर्षी किंवा पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होता येत असे. २०११ साली, मंदीनंतर पैसे वाचवण्याच्या लाटेत, नव्यानं लागणाऱ्यांसाठी ही अट साठ वर्षं किंवा तीस वर्षं सेवा अशी केली गेली. २०२३ साली राज्यानं ती मागे घेतली आणि जुनी अट परत आणली. गार्ड मिळत नव्हते आणि मिळालेले टिकत नव्हते, हे तोवर राज्याच्या तुरुंगांत उघड दिसत होतं. ही पेन्शन आधी मनुष्यबळाचं धोरण आहे आणि मग कृपा, हे फ्लोरिडाला बारा वर्षांत कळलं.

टंचाई पेन्शनवर उलटी कशी फिरते ते न्यूयॉर्कमध्ये २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसलं. राज्य तुरुंगांतले हजारो अधिकारी संघटनेची परवानगी नसताना तीन आठवडे कामावर गेले नाहीत. सक्तीच्या जादा पाळ्या, सलग चोवीस तास काम, ही त्यांची मोठी तक्रार होती. संप मिटला तेव्हा दोन हजारांहून अधिक जणांना कामावरून काढलेलं होतं. पंचवीस वर्षांची पेन्शन समोर ठेवूनही माणूस सलग दोन पाळ्यांनंतर तिसरी पाळी करायला तयार होत नाही.

आता धोक्याबद्दल. त्याच्या इतिहासातल्या मोठ्या घटना सांगणं सोपं आहे. १९४६ च्या मे महिन्यात अल्कट्राझवर झालेल्या उठावात दोन अधिकारी मारले गेले. १९७१ साली न्यूयॉर्कच्या ॲटिकात कैद्यांचा उठाव आणि तो मोडण्यासाठी झालेला गोळीबार यांत ४३ माणसं गेली, त्यांत कैदी होते आणि ओलीस धरलेले कर्मचारीही. इलिनॉयच्या मॅरियनमध्ये २२ ऑक्टोबर १९८३ ला एकाच दिवसात दोन अधिकाऱ्यांचा खून झाला. २०१३ साली पेनसिल्व्हेनियात एरिक विल्यम्स हा अधिकारी एकटाच पहाऱ्यावर असताना मारला गेला. त्याच्या नावानं २०१६ साली झालेल्या कायद्यानं संघीय तुरुंगांतल्या अधिकाऱ्यांना मिरचीचा फवारा बाळगायची परवानगी मिळाली. तोवर मध्यम सुरक्षेच्या नि त्यावरच्या तुरुंगांतही बॅरेकमधल्या माणसाकडे बहुतेक वेळा वॉकीटॉकी आणि किल्ल्या एवढंच असे.

पण पन्नाशीत निवृत्त होणाऱ्या बहुतेकांवर कधीच सुरी चाललेली नसते. त्यांचं नुकसान वेगळ्या जागी होतं. न्यू जर्सीच्या एका सरकारी कृतिगटानं २००९ साली पोलिसांमधल्या आत्महत्यांचा अहवाल दिला. २५ ते ६४ वयाच्या पुरुषांत, दर लाखामागे आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत १४, पोलिसांत १५.१ आणि तुरुंग अधिकाऱ्यांत ३४.८ निघालं. म्हणजे रस्त्यावरच्या पोलिसाच्या दुपटीहून जास्त. सतत सावध राहणं, गळफास घेतलेला कैदी खाली उतरवणं, रात्रपाळीनं मोडलेली झोप आणि घरी जाऊन यातलं काही न बोलणं, याचा हा हिशेब आहे. गार्ड निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांत मरतो, असा एक समज या पेशात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पेन्शनचं विमागणित त्याला भक्कम दुजोरा देत नाही, आणि युनियनच्या पत्रकांत तो छापला जातो हे मला पटत नाही. खरे आकडे पुरेसे गंभीर असताना डळमळीत आकडा पुढे करू नये.

आणि इथेच कायद्याची मोठी उणीव दिसते. कायद्यानं मोजलेला धोका हातापायांचा आहे. तरुण माणूस, चपळ शरीर, ५७ ला रजा. मनावर साचत जाणारं ओझं मात्र वयानं येत नाही, वर्षांनी येतं. ते पस्तिशीच्या माणसालाही वाकवू शकतं, आणि त्याची सेवा बारा वर्षांची असेल तर या पेन्शनकडे त्याला द्यायला काही नाही. 'कोणत्याही वयात पंचवीस वर्षं' ही अट त्या बाजूनं जाणारी आहे, म्हणून मला वयाच्या अटीपेक्षा ती जास्त न्याय्य वाटते. कॅनडानंही आपल्या संघीय तुरुंगांतल्या प्रत्यक्ष कामाच्या नोकरांसाठी पंचवीस वर्षांचाच हिशेब धरला आहे.

ब्रिटनमध्ये हा विचार उलट्या दिशेनं गेला. तिथे १९८७ पूर्वी लागलेले तुरुंग अधिकारी पंचावन्नला निवृत्त होऊ शकत, नंतरचे साठीला. २०११ साली लॉर्ड हटन यांच्या आयोगानं सरकारी पेन्शनींचा फेरविचार केला आणि पोलिस, अग्निशमन दल व सैन्य यांच्यासाठी साठ वर्षांचं वय सुचवलं. तुरुंग अधिकारी त्या यादीत नव्हते. २०१३ चा कायदा त्याच धर्तीवर झाला, आणि नागरी सेवेतल्या इतरांप्रमाणे त्यांचं वय सरकारी वृद्धापकाळ पेन्शनच्या वयाला बांधलं गेलं. ते पुढे ६८ कडे सरकत जाणार आहे. तिथल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेनं '६८ म्हणजे फार उशीर' अशी मोहीम चालवली. पासष्ट वर्षांच्या अधिकाऱ्यानं पंचविशीतल्या कैद्यांची मारामारी सोडवावी, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एक पाळी तरी बॅरेकमध्ये काढायला हवी होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही चर्चा जरा परकी वाटेल, कारण आपल्याकडचा पेन्शनचा वाद दुसऱ्याच बिंदूवर आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना नवी अंशदान योजना लागली आणि जुनी पेन्शन परत द्या म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यव्यापी संप झाला. त्यात शिक्षक, परिचारिका, कारकून सगळे एका मागणीखाली होते. कोणाची नोकरी अधिक झिजवणारी, हा प्रश्न त्या संपानं विचारला नाही, आणि एकजुटीसाठी तो न विचारणं समजण्यासारखं आहे. पण येरवड्यात किंवा आर्थर रोडला क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बंदी कोंबलेल्या बॅरेकसमोर उभा राहणारा शिपाई आणि मंत्रालयातला लिपिक, दोघांच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाची तब्येत सारखी असणार नाही. हा प्रश्न आज ना उद्या आपल्याकडे यायचा आहे.

राहिले खासगी तुरुंगांतले गार्ड. अमेरिकेत काही राज्यं आणि संघीय खाती कैदी सांभाळण्याचं कंत्राट कंपन्यांना देतात. तिथला गार्ड तीच गिनती करतो, त्याच किल्ल्या वागवतो, तोच मार खातो. पण तो सरकारी नोकर नाही, म्हणून वर सांगितलेलं काहीही त्याला लागू नाही. त्याच्याकडे असतं ते बचतीचं निवृत्ती खातं. अशा खात्यातून लवकर पैसे काढले तर दहा टक्के दंड बसतो. नोकरी सोडताना वय पंचावन्न किंवा जास्त असेल तर तो माफ होतो. सार्वजनिक सुरक्षेच्या सरकारी कर्मचाऱ्यांना ही माफी पन्नाशीतच मिळते, आणि संघीय तुरुंग अधिकारी २०१५ च्या कायद्यानं त्यांत आले. २०२२ च्या अखेरीस काँग्रेसनं निवृत्ती बचतीचा मोठा कायदा केला, तेव्हा राज्यांच्या आणि स्थानिक सरकारांच्या तुरुंग अधिकाऱ्यांनाही ती सवलत मिळाली. त्याच कायद्यात खासगी कंपन्यांच्या अग्निशमन जवानांनाही ती दिली गेली. खासगी तुरुंगाच्या गार्डांना दिली गेली नाही.